स्विच बदलाच्या नोंदी: कन्सोलपासून चालू नेटवर्कपर्यंत

काम: दोन मजल्यांचं कार्यालय. आजवर संगणक, फोन, कॅमेरे, प्रिंटर आणि पाहुण्यांचे मोबाइल, सगळे एकाच नेटवर्कमध्ये. मधे साधे स्विच, ज्यांना काही विचारताही येत नाही आणि सांगताही येत नाही. ते काढून मॅनेज्ड स्विच लावायचे: एक ४८ पोर्टांचा लेयर ३ कोअर (मधला मुख्य स्विच, राउटिंगही करणारा) आणि तीन २४ पोर्टांचे, यंत्रं थेट जोडायचे पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारे) अ‍ॅक्सेस स्विच. सगळे सिस्को कॅटॅलिस्ट. कोअर नवा, अ‍ॅक्सेसचे तिन्ही दुसऱ्या शाखेतून वापरून आलेले. वेब पान बंद ठेवायचं आणि सगळं कमांड लाइनवरून करायचं असं आधीच ठरलंय. टाइप केलेली ओळ नोंदीत जशीच्या तशी उतरते, माऊसने कुठे टिचकी मारली ते कुणाच्या लक्षात राहत नाही. खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

४ ऑगस्ट

तिन्ही जुने स्विच टेबलावर घेतले. कन्सोल केबल, टर्मिनलची सेटिंग नेहमीची: ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. दोन स्विच लगेच प्रॉम्प्टवर आले. तिसरा पासवर्ड मागत होता आणि तो पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता.

यावर उपाय पुढच्या पट्टीवरच्या मोड बटणात आहे. पॉवर काढायची, बटण दाबून धरायचं आणि दाबलेलं असतानाच पॉवर परत द्यायची. थोड्या वेळाने नेहमीच्या प्रॉम्प्टऐवजी बूटलोडरचा 'स्विच:' असा प्रॉम्प्ट येतो. तिथे 'फ्लॅश_इनिट', मग 'डिर फ्लॅश:'. कॉन्फिग 'कॉन्फिग.टेक्स्ट' या फाइलमध्ये असते. ती पुसली नाही, फक्त 'रीनेम' करून नाव बदललं आणि 'बूट' केलं. स्विचला कॉन्फिग सापडली नाही, त्यामुळे पासवर्डही नाही. जुनी फाइल मात्र शाबूत, 'मोअर' कमांडने वाचता येते.

वाचली ते बरं झालं. टेलनेट (कूटलेखनाशिवाय दूरून लॉगिन) उघडं, सगळ्या लाइनींना एकच पासवर्ड, तोही टाइप ७ मध्ये. टाइप ७ म्हणजे कूटलेखन नव्हेच, खांद्यावरून डोकावणाऱ्यापुरता आडोसा. उलटा फिरवून मूळ शब्द काढायला क्षणभर लागतो. हाच पासवर्ड त्या शाखेत अजून चालू असेल तर बदलून घ्या, असा निरोप तिकडे पाठवला.

पुसताना एक गोष्ट नेहमी निसटते. 'राइट इरेज' केल्यावर कॉन्फिग जाते, पण व्हीलॅनची (त्याच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कांची) यादी जात नाही. ती फ्लॅशमध्ये 'व्हीलॅन.डॅट' या वेगळ्या फाइलमध्ये असते आणि तिला वेगळं डिलीट करावं लागतं. तसं न करता जोडला असता तर काय झालं असतं, ते 'शो व्हीटीपी स्टेटस'मध्ये (व्हीटीपी म्हणजे स्विचनी व्हीलॅन यादी एकमेकांना आपोआप पाठवायची पद्धत) दिसत होतं: मोड सर्व्हर, डोमेनचं नाव जुन्या शाखेचं, रिव्हिजन क्रमांक चांगलाच चढलेला. आपल्या नव्या कोअरवर व्हीटीपीचं डोमेन कोरं आहे. कोऱ्या डोमेनचा स्विच ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर) पहिल्यांदा ऐकू येणारं डोमेन स्वीकारतो आणि ज्याचा रिव्हिजन क्रमांक मोठा त्याची व्हीलॅन यादी खरी मानतो. एका जुन्या डब्याने कोअरवरचे सगळे व्हीलॅन पुसले असते आणि कुणी एक कमांडही दिलेली नसती.

तिन्ही स्विचवर 'व्हीलॅन.डॅट' डिलीट, रीलोड. चारही स्विचवर 'व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट', म्हणजे दुसऱ्याची यादी स्वीकारायची नाही. चार स्विचवर हाताने व्हीलॅन टाकायला असा किती वेळ लागतो?

५ ऑगस्ट

पायाभूत कॉन्फिग. चारही स्विचला तीच:

होस्टनेम, 'एनेबल सीक्रेट', स्थानिक वापरकर्ता, डोमेन नेम, मग 'क्रिप्टो की जनरेट आरएसए मॉड्युलस २०४८', 'आयपी एसएसएच व्हर्जन २' (एसएसएच म्हणजे कूटलेखनासह दूरून लॉगिन), 'लाइन व्हीटीवाय ० १५' (दूरून लॉगिनच्या लाइनी) वर 'लॉगिन लोकल' आणि 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच'.

क्रम महत्त्वाचा. होस्टनेम आणि डोमेन नसेल तर आरएसए की तयारच होत नाही. आणि नुसतं 'व्हीटीवाय ० ४' करून थांबलं तर ५ ते १५ या लाइनी वेगळ्याच नियमांवर राहतात. जुन्या फाइलीत नेमकं तसंच होतं.

'नो आयपी डोमेन-लुकअप' टाकलं. नाहीतर एखादा शब्द चुकीचा टाइप झाला की स्विच त्याला यंत्राचं नाव समजून डीएनएसला विचारत बसतो आणि प्रॉम्प्ट अडकतो. अडकलाच तर कंट्रोल-शिफ्ट-६. कन्सोलवर 'लॉगिंग सिंक्रोनस'ही टाकलं, म्हणजे टाइप करत असताना मधेच लॉगची ओळ आली तरी अर्धवट कमांड पुन्हा खाली दिसते.

घड्याळ बघितलं तर १ मार्च १९९३, सोमवार. या स्विचना बॅटरीचं घड्याळ नसतं, प्रत्येक रीस्टार्टला ते तिथूनच सुरू होतं. समोर ताऱ्याची खूण असते, म्हणजे 'या वेळेवर विश्वास ठेवू नका'. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणं) लावलं आणि लॉगला मिलिसेकंदांसह तारीख दिली. पुढे दोन स्विचचे लॉग शेजारी ठेवून वाचायची वेळ येणारच.

७ ऑगस्ट

आज एकही बदल नाही. चालू नेटवर्क कसं आहे ते टिपलं. जुन्या साध्या स्विचकडून काहीच कळत नाही, म्हणून कोअर तात्पुरता त्यांना जोडला आणि 'शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल' (कुठल्या पोर्टावर कुठला मॅक, म्हणजे यंत्राचा हार्डवेअर पत्ता, त्याची यादी) बघत राहिलो. नोंद ३०० सेकंदांनी पुसली जाते, त्यामुळे गप्प बसणारी यंत्रं, विशेषतः प्रिंटर, एकदा बघून दिसत नाहीत. पिंग करून त्यांना बोलतं करावं लागतं. एका पोर्टामागे बरेच पत्ते दिसले की मागे कुणीतरी टेबलाखाली छोटा स्विच लावलाय असं धरून चालायचं. असे दोन सापडले.

फोन आणि वायफायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा शोध सोपा, ते एलएलडीपीवर (शेजाऱ्याला ओळख सांगायच्या प्रोटोकॉलवर) स्वतःच नाव सांगतात.

११ ऑगस्ट

व्हीलॅन: १० कर्मचारी, २० फोन, ३० कॅमेरे, ४० पाहुणे, ९९ व्यवस्थापन, ९९९ रिकामे पोर्ट. व्हीलॅन १ कुठल्याही कामाला नाही.

'इंटरफेस रेंज' वापरून पोर्ट वाटले. प्रत्येक पोर्टावर 'स्विचपोर्ट मोड अ‍ॅक्सेस' स्पष्ट लिहिलं. काही न लिहिता सोडलं तर पोर्ट समोरच्याशी बोलून स्वतःच ट्रंक होऊ शकतो, आणि भिंतीतल्या सॉकेटला तो अधिकार देण्याचं काही कारण नाही. ट्रंकवर 'स्विचपोर्ट नोनेगोशिएट'. डेस्कच्या पोर्टांवर डेटा व्हीलॅन १० आणि व्हॉइस व्हीलॅन २०, म्हणजे फोन स्वतःचा ट्रॅफिक टॅग करून (व्हीलॅनचा क्रमांक लावून) पाठवतो आणि त्याच्या मागे लावलेला संगणक टॅगशिवाय.

जोडीदाराने 'शो व्हीलॅन ब्रीफ' बघून विचारलं, २४ वा पोर्ट कुठे गेला? गेला नाही. ती यादी फक्त अ‍ॅक्सेस पोर्टांची असते, ट्रंक झालेला पोर्ट तिथून नाहीसा होतो. त्याच्यासाठी 'शो इंटरफेसेस ट्रंक'. त्यातल्या चार तक्त्यांपैकी शेवटचा बघायचा: स्पॅनिंग ट्रीने (लूप टाळायला जादा वाटा बंद ठेवणाऱ्या यंत्रणेने) प्रत्यक्ष पुढे जाऊ दिलेले व्हीलॅन. वरचे तीन ठीक असून शेवटच्यात व्हीलॅन नसेल, तर पॅकेट जाणार नाहीच.

१३ ऑगस्ट

वरच्या मजल्याचा स्विच आता रॅकमध्ये आहे, त्याच्यावरचं काम एसएसएचने. आजपासून नियम: दूरच्या स्विचच्या ट्रंकला हात लावण्याआधी कॉन्फिग सेव्ह करायची आणि 'रीलोड इन १०' द्यायचं. दहा मिनिटांत आपण बाहेर फेकले गेलो तर स्विच स्वतः रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या अवस्थेत येतो. सगळं ठीक झालं तर 'रीलोड कॅन्सल'. सेव्ह न केलेला बदल असेल तर कमांड विचारते, कॉन्फिग सेव्ह करू का? तिथे 'यस' म्हटलं की अर्धवट बदलच पक्का होतो आणि सगळी युक्ती वाया. म्हणून आधी सेव्ह, मग टायमर, मग बदल, याच क्रमाने.

हे सगळं एका शब्दासाठी. ट्रंकवर १०, २०, ३०, ९९ चालू आहेत आणि आता ४० हवा आहे:

'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ४०'

यातला 'अ‍ॅड' गळला तर स्विच काही विचारत नाही, इशारा देत नाही. यादीत फक्त ४० उरतो, बाकीचे चार त्या क्षणी बंद. ९९ सुद्धा बंद, म्हणजे ज्या एसएसएचमधून कमांड दिली तेच तुटतं. आधीची पाटी पुसून नवीन लिहिण्याची ही सवय सिस्कोच्या कमांड लाइनमध्ये फार थोड्या ठिकाणी आहे, म्हणूनच ती घात करते. एसीएल (परवानगीच्या नियमांची यादी) किंवा एनटीपी सर्व्हरची ओळ दिली तर ती आधीच्यात जमा होते, त्यामुळे हाताला तीच सवय लागलेली असते. आम्ही टेम्पलेटमध्ये 'अ‍ॅड'शिवाय ही कमांड ठेवलेलीच नाही.

१८ ऑगस्ट

चारही स्विच जोडले, प्रत्येक अ‍ॅक्सेस स्विचपासून कोअरकडे दोन वाटा. 'शो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १०' बघितलं तर रूट (स्पॅनिंग ट्रीचा मध्य) कोण? तळमजल्याचा सगळ्यात जुना अ‍ॅक्सेस स्विच.

यात नवल नाही. प्रायॉरिटी सगळ्यांची मूळचीच, ३२७६८ अधिक व्हीलॅन क्रमांक, म्हणजे ३२७७८. बरोबरी झाली की ज्याचा मॅक पत्ता लहान तो जिंकतो, आणि जुन्या यंत्राचा पत्ता बऱ्याचदा लहान असतो. कुणी ठरवलं नाही तर नेटवर्कचा मध्य अडगळीतून आलेल्या स्विचकडे जातो आणि दोन मजल्यांमधला ट्रॅफिक त्याच्यातून वळसा घेतो. सगळं 'चालतं', म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

कोअरवर प्रायॉरिटी २४५७६ दिली, तक्त्यात ती २४५८६ दिसते. त्याच्यानंतर कोण, तेही ठरवलं: वरच्या मजल्याच्या पहिल्या स्विचला २८६७२. आकडे ४०९६ च्या पटीतच घेता येतात, कारण खालचे १२ बिट व्हीलॅन क्रमांकाने घेतलेत.

स्पॅनिंग ट्रीची मांडणी रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना केली. इतकं जुनं तंत्र अजून का लागतं? कारण इथरनेटच्या फ्रेमला आयुष्य मोजणारा आकडाच नाही. आयपी पॅकेटचा टीटीएल प्रत्येक राउटरवर एकाने कमी होतो आणि शेवटी ते मरतं. ब्रॉडकास्ट फ्रेम लूपमध्ये सापडली की फिरतच राहते, प्रत्येक स्विचवर तिच्या प्रती निघतात आणि काही सेकंदांत सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागतात. तेव्हा एसएसएचही लागत नाही. कन्सोल केबल घेऊन पळायचं किंवा वायर उपटायची.

मोड 'रॅपिड-पीव्हीएसटी' केला. जुन्या पद्धतीत पोर्ट लिसनिंग आणि लर्निंगमध्ये १५-१५ सेकंद घालवतो. तेवढ्यात संगणक डीएचसीपीची (आपोआप मिळणाऱ्या आयपी पत्त्याची) वाट बघून कंटाळतो आणि १६९.२५४ ने सुरू होणारा स्वतःचाच पत्ता घेऊन बसतो. डेस्कच्या पोर्टांवर पोर्टफास्ट आणि त्याच्या जोडीला बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीचे निरोप) गार्ड. जोडी फोडायची नाही. पोर्टफास्ट म्हणजे 'इथे स्विच नाही' असा आपण दिलेला शब्द, तो खोटा ठरला तर गार्ड पोर्ट बंद करतो.

१९ ऑगस्ट

गार्डला लगेच काम मिळालं. बैठकीच्या खोलीतला पोर्ट बंद, लॉगमध्ये 'ब्लॉक_बीपीडीयूगार्ड'. 'शो इंटरफेसेस स्टेटस एर-डिसेबल्ड'मध्ये पोर्ट आणि कारण दोन्ही लिहिलेलं. टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं खोचली होती. आपल्या पोर्टातून गेलेला बीपीडीयू तिथून फिरून परत आला आणि पोर्ट पडला. जुन्या नेटवर्कमध्ये हेच झालं असतं तर दोन्ही मजले बसले असते. आज एका खोलीची तक्रार आली, बस्स.

केबल काढली, 'शट', 'नो शट'. 'एरडिसेबल रिकव्हरी कॉज बीपीडीयूगार्ड' लावायचं का यावर बराच वाद झाला. ३०० सेकंदांनी पोर्ट आपोआप उघडतो हे सोयीचं, पण मग कारण न शोधताच प्रश्न 'मिटतो'. लावलं नाही.

२० ऑगस्ट

पीओईचा हिशेब. स्विचचं एकूण बजेट ३७० वॉट. ८०२.३एएफ प्रमाणे एका पोर्टाला १५.४ वॉट धरले तर २४ पोर्टांना जेमतेम पुरतं. पण अ‍ॅक्सेस पॉइंट ८०२.३एटीचे आहेत, ते ३० पर्यंत मागू शकतात. 'शो पॉवर इनलाइन' बघून ते तीन स्विचवर विभागले.

२२ ऑगस्ट

डीएचसीपी स्नूपिंग. हेतू चांगला: कुणी घरचा राउटर आणून भिंतीत लावला तर त्याने वाटलेले पत्ते पोर्टावरच अडावेत. अपलिंक 'ट्रस्ट', बाकी सगळे अविश्वासू. वरच्या मजल्यावर चालू केलं आणि नवे जोडलेले संगणक पत्ता घेईनासे झाले. आधीपासून चालू असलेले मात्र मजेत, कारण त्यांची लीज (पत्त्याची मुदत) शिल्लक. असा बिघाड दिवसभर लपून राहू शकतो.

अ‍ॅक्सेस स्विचवर 'शो आयपी डीएचसीपी स्नूपिंग बाइंडिंग' रिकामं. अपलिंक ट्रस्टेड आहे, व्हीलॅन यादीत आहे, विनंती बाहेर जातेय. म्हणजे पुढे कोअरवर काहीतरी. पत्ते कोअरच वाटतो, म्हणून तिथे 'डीबग आयपी डीएचसीपी सर्व्हर पॅकेट' लावलं. दोन ओळींत उत्तर आलं: रिले इन्फर्मेशन विसंगत; ऑप्शन आहे, पण गिअ‍ॅडर शून्य.

झालं असं. स्नूपिंग चालू केलं की स्विच प्रत्येक विनंतीत ऑप्शन ८२ घालतो: ही विनंती कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टावरून आली. हा ऑप्शन मुळात रिले करणाऱ्याने घालायचा, आणि रिले करणारा गिअ‍ॅडरच्या रकान्यात स्वतःचा पत्ताही लिहितो. लेयर २ चा स्विच रिले करत नाही, त्यामुळे तो रकाना शून्यच राहतो. कोअरला वाटतं, रिलेचा शिक्का आहे पण रिले करणाऱ्याचा पत्ता नाही, म्हणजे गडबड. आणि तो ती विनंती टाकून देतो. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर, घोडं अडलं ते मधल्या जागेत.

वाटा दोन. कोअरला अशा विनंत्यांवर विश्वास ठेवायला सांगायचं, किंवा अ‍ॅक्सेसला ऑप्शन घालूच नको म्हणायचं. पोर्टनिहाय पत्ते देण्याची आपल्याला गरज नाही, म्हणून तिन्ही अ‍ॅक्सेस स्विचवर 'नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन'. बाइंडिंगचा तक्ता भरायला लागला. 'अनडीबग ऑल'.

२५ ऑगस्ट

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र तुटक चालतंय. पिंग स्वच्छ, म्हणून बसवणाऱ्यांचं म्हणणं, दोष स्विचचा. 'शो इंटरफेसेस स्टेटस'च्या एका ओळीत सगळं आहे: डुप्लेक्स 'ए-हाफ', वेग 'ए-१००'. पुढचं 'ए' म्हणजे ऑटोने ठरवलेलं. हाफ म्हणजे एकावेळी एकाच बाजूने बोलायचं, फुल म्हणजे दोघांनी एकदम. गिगाबिटच्या पोर्टावर हाफ डुप्लेक्स दिसलं की समोरच्याने ऑटो बंद करून १०० फुल पक्कं केलंय, असंच बहुधा असतं. ऑटो बंद असलेला समोरचा काही सांगत नाही. सिग्नलवरून वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि अशा वेळी नियमाने हाफ धरायचं असतं. मग एक बाजू केव्हाही बोलते आणि दुसरी समोरचा थांबेल म्हणून वाट बघते.

'क्लिअर काउंटर्स' करून थोडा वेळ रेकॉर्डिंग चालू दिलं. आपल्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) भराभर वाढत होते. त्याच वेळी समोरच्या यंत्राच्या पानावर सीआरसीच्या (फ्रेम खराब पोचल्याच्या) चुका. हाफच्या बाजूला लेट कोलिजन आणि फुलच्या बाजूला सीआरसी ही जोडी दिसली की दुसरं निदान शोधायला नको. पिंग स्वच्छ असण्याचं कारणही तेच: एकावेळी एकच लहान पॅकेट, टक्कर व्हायला समोर कुणी नाही.

त्यांनी यंत्रावर ऑटो केलं. एक हजार, फुल. काउंटर शून्यावर थांबले.

२७ ऑगस्ट

कोअर आणि वरच्या मजल्यामधल्या दोन वाटा एकत्र बांधल्या, 'चॅनल-ग्रुप १ मोड अ‍ॅक्टिव्ह', म्हणजे एलएसीपी (दोन्ही बाजूंनी बोलून जोडणी ठरवायची पद्धत). 'मोड ऑन' टाळला, त्यात समोरचा खरोखर तयार आहे का हे कुणी विचारत नाही. 'शो इथरचॅनल समरी'मध्ये पोर्टापुढे 'पी' हवं. एका पोर्टापुढे लहान 'एस' दिसत होतं, म्हणजे सस्पेंडेड: त्याची अलाउड यादी जोडीदार पोर्टापेक्षा वेगळी होती. सारखी केल्यावर आत आला. आता वेग दुप्पट का नाही, असं बॅकअप घेणाऱ्याने विचारलं. एक संभाषण एकाच तारेतून जातं, कुठल्या ते पत्त्यांच्या हॅशवर ठरतं. दुप्पट होते ती एकूण क्षमता, एका फाइलीचा वेग नाही.

२९ ऑगस्ट

'आर्काइव्ह' लावलं, 'राइट-मेमरी' सह, म्हणजे प्रत्येक सेव्हला एक प्रत सर्व्हरवर जाते. 'शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस' दोन प्रतींमधला फरक अधिक-उणे चिन्हांनी दाखवतो. कुणी काय बदललं हे विचारत फिरण्यापेक्षा हे बरं.

रिकामे पोर्ट व्हीलॅन ९९९ मध्ये टाकून बंद केले. प्रत्येक चालू पोर्टावर डिस्क्रिप्शन लिहिलं, सॉकेटच्या क्रमांकासह. जुने साधे स्विच रॅकमधून काढले.

राहिलेलं: टेबलाखालचा दुसरा छोटा स्विच अजून जागेवर आहे, त्या खोलीत दोन केबल ओढायच्यात. एसएनएमपी (दूरून देखरेखीचा प्रोटोकॉल) व्हर्जन ३ लावायचं. वरच्या दुसऱ्या स्विचच्या १७ व्या पोर्टावर रोज रात्री थोडा वेळ एक मॅक पत्ता दिसतो आणि सकाळी नाहीसा होतो. त्या पोर्टाला डिस्क्रिप्शन दिलेलं नाही. मॅक नोटिफिकेशनचा लॉग चालू केलाय, सोमवारी बघू.